दुभाषी

बांधावर फोटो काढून झाले आणि बांध बघायला आलेल्या पाहुण्यांतली गोरी बाई त्या कामावर राबलेल्या म्हाताऱ्या गोजरबाईंकडे वळली. हा बांध घालताना यांना काय वाटत होतं, ते विचार, असं ती दुभाषी म्हणून उभ्या केलेल्या गावातल्या सृष्टीला इंग्रजीत म्हणाली.

इथवर सृष्टीचं झकास चाललं होतं. पाणी, झाडं, विहिरी, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. तीन महिने ती गोठ्यात म्हशींपुढे बोलून तयारी करत होती. म्हशी चुका काढत नाहीत. आज मागे अख्खं गाव उभं होतं. पारनेरहून मुद्दाम आलेले तिचे इंग्रजीचे हनुमंत सर मोबाईलवर शूटिंग करत होते.

"आजी, बांधावर काम करताना तुमाला कसं वाटायचं, इचारत्यात."

"कसं वाटायचं?" गोजरबाई म्हणाल्या. "दगडं वाहत हुते. लेकरू बाभळीखाली झोळीत, तापानं फनफनल्यालं. मुकादम म्हनला, गेलीस तर हजरी लावनार न्हाई. मी गेलेच न्हाई. सांजच्याला झोळीत हात घातला, तर गार पडलं हुतं."

सृष्टी मनात इंग्रजी शब्द जुळवू लागली. तापाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला येत होतं, मरणाला काय म्हणतात तेही. पण 'मी गेलेच न्हाई' हे कसं सांगायचं? बाई वाट बघत होती. सरांनी हातानं खूण केली. वर्गात ते रोज घोटून घेत: खोल श्वास घ्या, हसा, अडलं ते सोडा, येतं ते बोला. थांबायचं नाही.

सृष्टीनं श्वास घेतला. हसली.

"व्हेरी हार्ड वर्क. बट शी वॉज व्हेरी हॅपी."

बाईचा चेहरा खुलला. तिनं गोजरबाईंचे दोन्ही हात धरून हसत हसत हलवले. टाळ्या पडल्या.

"शाब्बास! अजिबात घाबरली नाहीस," सर म्हणाले.

सृष्टीला मान वर करवेना. 'सॉरी, आय वॉज राँग', एवढं तर तिला सहावीपासून येत होतं. तेही तिच्या तोंडून निघालं नाही. पाहुणे गाडीकडे निघाले.

"समदं सांगितलं का गं तिला?" गोजरबाईंनी विचारलं.

"व्हय, आजी."

गोजरबाईंनी त्या पाठमोऱ्या बाईकडे बघितलं.

"आन् तरी ती हसली?"