झाकलेली टोपली

माझी बायको जमुना गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा आमची दहा वर्षांची खुशी आईनंच आणून दिलेली मुलांची भुताची कादंबरी वाचत बसली होती. माझ्या मोठ्या बहिणीनं ती हिसकावली. "सुतकात भुताचं कायले वाचून राहिली? भेशील ना!"

मग रात्री जमुनाच्या निजायच्या जागेवर पीठ पसरून बहिणीनंच त्यावर टोपली झाकली. पिठात मांजराचं पाऊल उमटतं की पाखराचं, त्यावरून गेलेल्याचा पुढचा जन्म सांगतात. सकाळी तिनं हाक मारली, "खुशी, ये वं, टोपली उचल. तुझी माय काय होऊन आली ते पाह्य."

खुशी माझ्या मागे लपली.

मी पुस्तक शोधून आणलं, तिला टोपलीशेजारीच मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं वाचू लागलो.

"श्यामलाल, लोक काय म्हणतील?" बहीण म्हणाली.

"म्हणू दे, बाई. पुस्तकातल्या भुताले पोरगी भेत नाही. तू तिच्या मायचं भूत करून राहिली."


तेरवी झाली, पुस्तकही वाचून संपलं. टोपली अजून कोणी उचललेली नाही.