जवाहर चौकातली चार मिनिटं

"पाँच नंबर, जवाहर चौक पर चार मिनट रुकिए," मधुरा माइकमध्ये म्हणाली.

"मॅडम, तीस सवारी बैठी हैं. मुझे कच्चा खा जाएँगी," पलीकडून ड्रायव्हर करवादला.

"खाने दीजिए. चार मिनट."

सिटी बसच्या हबीबगंजमधल्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदा होता आणि त्यावर कोटऱ्याहून येणाऱ्या बसचे हिरवे ठिपके सरकत होते. दर सहा मिनिटांना एक बस. टाइमटेबल नाही, दोन बसमधलं अंतर तेवढं सारखं ठेवायचं. हा तीन महिन्यांचा प्रयोग मधुराने वरिष्ठांशी भांडून पदरात पाडून घेतला होता. आज त्याचा शेवटचा दिवस होता. आज कुठल्याही स्टॉपवर लोकांना दहा मिनिटांहून जास्त ताटकळावं लागलं, तर सगळं गुंडाळून पुन्हा जुनं टाइमटेबल, असं चौबे सरांनी बजावलं होतं. आणि बजावून ते तिच्या खुर्चीमागेच उभे राहिले होते.

नेमका आजच घोळ झाला. चार नंबरच्या दारात क्लासची पोरं लोंबकळली आणि ती रेंगाळली. सहा नंबर कोटऱ्यातच एका ट्रकमागे अडकली. मधली पाच नंबर मात्र रिकाम्या रस्त्याने सुसाट आली. तिच्या पुढे दोन मिनिटं, मागे दहा. ती चार मिनिटं थांबली की दोन्हीकडे सहा-सहा. हिशेब पहिलीतल्या पोराला कळेल इतका सोपा होता. बसमध्ये बसलेल्यांना तो कळणं कठीण.

त्यात त्या बसमध्ये मधुराचे बाबा बसले होते.

भालचंद्र खानझोडे चौतीस वर्षं बसस्टँडवर टाइमकीपर होते. त्यांची शिट्टी वाजली की आभाळ कोसळलं तरी गाडी सुटायची. एकदा तर स्वतःचे सासरे पिशव्या सांभाळत धावत येताना दिसले, तरी शिट्टी वाजलीच. मधुराच्या आईने ती गोष्ट त्यांना जन्मभर ऐकवली. दिवाळीला नागपूरला जाताना ते घरातल्या कुणालाही मधे उतरू देत नसत. बैतूलच्या स्टँडवर मुगाच्या डाळीचे गरमागरम तळलेले मंगोडे मिळायचे. खिडकीतून वास यायचा, छोटी मधुरा हट्ट करायची, आणि बाबा म्हणायचे, "गाडी कुणासाठी थांबत नसते, मधू." वास तेवढा नागपूरपर्यंत यायचा.

मुलीचा हा प्रयोग त्यांना मुळीच पटला नव्हता. "चांगली चालती गाडी अडवायची? अगं, हे म्हणजे पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवणं झालं," ते म्हणाले होते. तीन महिने घरात हा विषय बंद होता. आज सकाळी मात्र त्यांनी जाकीट चढवलं, निळी पिशवी काखेत मारली आणि म्हणाले, "चल, बघतोच तुझी सर्व्हिस." मधुरा पुढे होऊन सातलाच कामावर आली. त्यांनी मागाहून आरामात निघून नेमकी पाच नंबर पकडली आणि तसं तिला फोनवर कळवलं.

पडद्याच्या कोपऱ्यात चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. बस दार उघडून उभी होती. एक मिनिट गेलं. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. कुणीतरी हातवारे करू लागलं. दोन मिनिटं झाली. मग दारातून एक म्हातारा माणूस उतरला. जाकीट, काखेत निळी पिशवी. त्याने बसकडे वळूनही पाहिलं नाही. सरळ चालत गर्दीत दिसेनासा झाला.

मधुराने त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. जन्मात कधी मधल्या स्टॉपवर न उतरलेला माणूस तिच्या बसमधून उतरून गेला होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"छोड़ दो गाड़ी," चौबे सर म्हणाले. "लोग उतर रहे हैं."

"एक ही उतरे हैं, सर," मधुरा म्हणाली. "मेरे पिताजी हैं." तिचा हात माइकवर होता, पण तिने बटण दाबलं नाही. "अभी डेढ़ मिनट बाकी है."

दीड मिनिटाने पाच नंबर हलली. थोड्या वेळाने सगळे ठिपके सारख्या अंतरावर आले, आणि दुपारपर्यंत तसेच राहिले. "चलने दो इसे," चौबे सर म्हणाले. "अगले महीने से दूसरे रूट पर भी." खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधुराही हसली. पण तिचं लक्ष दाराकडे होतं.

बाबा केव्हाचे येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. कामाच्या वेळी आत जायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. टाळ्या थांबल्यावर ते आत आले आणि पिशवीतून एक तेलकट पुडा काढून तिच्या टेबलावर ठेवला. मुगाचे मंगोडे होते.

"गार झाले असतील. तरी खा."

"बाबा, तुम्ही रागावून उतरलात ना?"

"रागावून? अगं, चौकात वास आला म्हणून उतरलो."

मधुरा त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणि तेवढ्यात बस सुटली असती तर?"

"सुटलीच की, माझ्या डोळ्यांदेखत." बाबांनी एक मंगोडा तोंडात टाकला. "म्हटलं, जाऊ दे. मागून मधूची दुसरी येतेच आहे."