तयार गाडी

आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली ती मोठी गाडी काकांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतली, अंगणात लावली आणि घरातून वायर ओढून चार्जिंगला जोडली. आतले दिवे लख्ख लागायचे, पंखा गरगर फिरायचा. काकू विचारायच्या, "मग, कधी निघायचं?"

"गाडी तयारच आहे गं. तू म्हणशील तेव्हा."

काकू गेल्या. घर खायला उठलं, तेव्हा काका एकटेच निघाले. किल्ली फिरवली, तर नुसतं टक्क.

मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिलं. "काका, तुमची वायर दिव्यापंख्याच्या बॅटरीला जोडलीये. इंजिनची बॅटरी वेगळी असते. ती केव्हाच बसलीये, वर्ष-दोन वर्षं तरी झाली असतील."

काका गाडीच्या पायरीवर टेकले.

"मनाला लावून घेऊ नका," मेकॅनिक म्हणाला. "काकू असताना निघाला असतात, तरी ही सुरू झालीच नसती."

"नसती झाली, तर त्याच दिवशी तुला बोलावलं असतं रे," काका म्हणाले. "पण तिने इतकं विचारूनही मी एकदासुद्धा किल्ली फिरवून पाहिली नाही."