केसभर जास्त

प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि मिस्त्रींचा हात जागीच थांबला. आतल्या पॉइंटची गॅप बरोबर होती. धातूच्या दोन इवल्या टोकांमधली ती फट त्यांनी फिलर गेजची पातळ पट्टी सरकवून मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. तंतोतंत.

ती तशी असायला नको होती. शेवटच्या खेपेला ती केसभर जास्त ठेवून त्यांनीच गाडी परत दिली होती. मुद्दाम. अठरा वर्षं ते हेच करत आले होते.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. लाल, बुटकी, दोन दारांची, आणि पोटात पिस्टनऐवजी गरगर फिरणारे दोन त्रिकोण. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी त्या इंजिनापुढे केव्हाच हात टेकले होते. मिस्त्रींनी मात्र एका दुपारी तिची नस पकडली. त्रिकोण दोन, प्लग चार आणि खोड एकच: पॉइंटची गॅप जरा वाढली की चढावर आचके. डॉक्टर इतके खूश झाले की उपड्या खोक्यावर बसून दिवे लागेपर्यंत गप्पा मारत राहिले. निघताना हसत म्हणाले, "आमच्या धंद्यात दाढ दुखायची थांबली की पेशंट रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नाही हो."

बोलणं साधंच, पण मिस्त्रींच्या मनाला लागलं. बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि दिवसभर बोलायला फक्त इंजिनं होती. पुढच्या खेपेला त्यांनी गॅप केसभर जास्त ठेवली.

दीड महिन्यात गाडी दारात हजर. मग दर दीड महिन्याला. "मिस्त्री, पुन्हा आचके!" असं लांबूनच ओरडत डॉक्टर यायचे. त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नसे. पाना दिला तर उलटा धरायचे. "राहू द्या डॉक्टर, ही अक्कलदाढ नाही," असं मिस्त्री चिडवायचे. पाच मिनिटांचं काम तीन तास चालायचं. चहा दोनदा व्हायचा, जगातल्या सगळ्या शहाण्यांना नावं ठेवून व्हायची, आणि गाडी गेली की गॅरेज एकदम रिकामं वाटायचं.

गेल्या वर्षी डॉक्टर तीन महिने आलेच नाहीत. मिस्त्रींनी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय विचारणार? गाडी अजून बिघडली कशी नाही, असं? चौथ्या महिन्यात डॉक्टर गेल्याची बातमीच आली.

आता कोडं सुटलं होतं. शेवटच्या खेपेला आपला म्हातारा हात चुकला आणि गॅप बरोबर बसली. गाडीनं आचके दिले नाहीत, म्हणून डॉक्टर फिरकले नाहीत. म्हणजे इतकी वर्षं ते येत होते ते गाडीसाठी.

"सापडलं का, काका?" डॉक्टरांची मुलगी बॉनेटपाशी येऊन उभी राहिली. आचके देणारी गाडी आज तीच घेऊन आली होती. गाडी ती आपल्या घरी नेणार होती, दहा तासांच्या रस्त्यावर. म्हणून तिनं नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं होतं. त्यात पॉइंट नाहीत, गॅप नाही. एकदा बसवलं की विसरून जायचं.

खरा बिघाड पुढच्या दहा मिनिटांत सापडला. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या एका प्लगची वायर तडकली होती आणि ठिणगी बाहेरच उडत होती. मिस्त्रींनी चारही वायरी बदलल्या, पॉइंट काढून त्यांच्या जागी नव्या इग्निशनची प्लेट बसवली, टायमिंग लावलं. इंजिन एका चावीत सुरू झालं आणि शिलाई मशीनसारखं एकसुरात चालायला लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला असं चालूच दिलं नव्हतं. काढलेले पॉइंट हातात घेऊन ते तसेच उभे राहिले, आणि मग त्यांना राहवेना.

"पोरी, तुझ्या वडिलांना मी अठरा वर्षं फसवलं."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. केसभर जास्त गॅपही, आणि ती कशासाठी, तेही. मान वर करायची त्यांची हिंमत होईना.

मुलीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. तिला नवल वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

"बाबांना माहीत होतं, काका."

"काय?"

"पहिल्याच वर्षी कळलं होतं. इथून घरी आले की ते त्याच संध्याकाळी गॅप नीट करायचे. दात बघायचा आरसा घेऊन बसायचे त्या झाकणाशी. आणि इकडे यायच्या आदल्या दिवशी पुन्हा वाढवायचे. तुम्ही ठेवायचात तेवढीच, मोजून. वर मला दम, मिस्त्रींना कळता कामा नये म्हणून."

मिस्त्री डॉक्टरांच्या त्या उपड्या खोक्यावर बसले. उलटा धरलेला पाना त्यांच्या डोळ्यांपुढे आला. "मग शेवटचे तीन महिने का नाही आले?"

"हाताला कंप सुटला होता त्यांच्या. स्क्रूच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरच बसेना. गॅप वाढवणार कशी?" तिनं डोळे पुसले. "मी म्हटलं, मी चालवते गाडी, तसेच चला ना भेटायला. तर म्हणाले, 'धडधाकट गाडी घेऊन मिस्त्रींच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?'"