डोंगराच्या रेषा

"हळू रे, टेबल मोडेल!" मास्तरांची बायको ओरडली. दोघा हमालांनी मॉनिटर कसाबसा टेबलावर टेकवला. "एवढी जाडजूड सवत आणलीत घरात. आता हिला ठेवायचं कुठे?"

मास्तर सदऱ्याच्या बाहीने काच पुसत होते. नकाशांच्या कचेरीत त्यांची उमेदीची वर्षं या काचेसमोर गेली. चपटे, स्वस्त पडदे आले तेव्हा सगळ्यांनी असली धुडं टाकून दिली. मास्तरांनी आपला मॉनिटर सोडला नाही. चपट्या पडद्यावर डोंगराच्या पायऱ्या होतात, ते म्हणायचे, इथे डोंगर दिसतो. आता कचेरीने तो भंगारात काढला होता. मास्तरांच्या जागेवर आलेल्या त्यांच्या शिष्याने तो आठवणीने, वर्कस्टेशनसकट, टेम्पोत घालून पाठवला.

वर्कस्टेशन घरघरलं. मॉनिटरने टण्ण करून अंग झाडलं आणि चित्र उजळलं. एका डोंगराचा नकाशा, उंचीच्या रेषा एकीला एक खेटून. चढ तीव्र होता तिथे त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मास्तरांना त्याचं नवल वाटलं नाही. डोळे अधू झाले म्हणूनच तर त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. पण नकाशाच्या रेषा डॉक्टरांना काय कळणार!

बायको त्यांच्या खांद्यावरून वाकली. ती अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची.

"अहो, हे असं फिसकटलेलंच दिसायचं का?"

"तुला फिसकटलेलं दिसतंय?"

"मग काय! शाई सांडल्यासारखं."

मास्तरांनी मॉनिटरच्या पाठीमागे डोकावून पाहिलं. असले मॉनिटर जुने झाले की त्यांचा फोकस ढळतो. पाठीमागच्या भोकात एक स्क्रू असतो. तो किंचित फिरवला की झालं. कचेरीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सगळ्यात आधी शिकवायचे. त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला, बायकोला समोर बसवलं आणि स्वतः मागे गेले.

"अजून थोडं... अजून... थांबा! आल्या वेगळ्या."

ते पुढे आले. एकेक रेषा केसासारखी सुटी होती.

"बघा, ठणठणीत आहेत डोळे तुमचे!" बायकोला आनंद मावेना. मग ती थबकली. "पण मग तेव्हाच का नाही हो फिरवलात हा स्क्रू?"

मास्तर खुर्चीत बसले. तेव्हाही ते स्क्रूड्रायव्हर घेऊन उठले होते. उठता उठता त्यांनी शेजारी बसलेल्या शिष्याला फक्त एवढंच विचारलं होतं, "तुलाही धूसर दिसतंय का रे?"

त्याने काचेजवळ तोंड नेऊन नीट पाहिलं होतं. मग मास्तरांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर अलगद काढून घेत तो म्हणाला होता, "नाही मास्तर. मला तर लख्ख दिसतंय."