अंतिम सामन्याच्या दिवशी गैरहजर

“एकोणीस तारखेला तू गैरहजर होतास.” संघटनेच्या कचेरीत मेंग साहेबांनी हजेरीपटावरची रिकामी चौकट बोटानं दाखवली. “शिक्का नाही म्हणजे परवाना बंद. परवाना बंद म्हणजे तू व्यावसायिक नाहीस. यात माझं वैयक्तिक काही नाही हं.”

ग्वाक दो-युन चौकटीकडे बघत राहिला. संगणकावरच्या लढाया खेळून पोट भरायचं, तर सोलमधल्या या संघटनेचा परवाना लागतो. आणि परवाना टिकवायला वर्षातून एकदा शिष्टाचाराच्या वर्गात बसावं लागतं. कॅमेऱ्यासमोर नाक खाजवू नये, हरल्यावर माउस आपटू नये वगैरे. सात वर्षं तो न चुकता बसला होता. यंदाचा वर्ग एकोणीसला झाला.

“साहेब, एकोणीसला अंतिम सामना होता.”

“माहितीय की! मी होतो ना तिथे.”

“सामना संघटनेनंच ठेवला होता.”

“मग! चषक कुणी दिला तुला? मीच. काय खेळलास रे! माझी बायको रडली घरी.”

“म्हणजे मी कुठे होतो, ते तुम्हाला माहीत होतं.”

“मला होतं. हजेरीपटाला कुठे होतं?”

दो-युननं दुखऱ्या मनगटावरची पट्टी घट्ट दाबली. रविवारी लीग सुरू होत होती. दोन महिन्यांनी सक्तीच्या सेवेसाठी सैन्यात रुजू व्हायचं होतं, आणि तिथून परतलेल्याची बोटं पूर्वीसारखी धावत नाहीत, हे या धंद्यात सगळे जाणून होते. त्याचा हा शेवटचा हंगाम.

“शनिवारी वर्ग आहे ना? त्याला बसतो.”

“तो नवोदितांचा. ज्यांच्याकडे परवाना नाही, त्यांचा.”

“माझ्याकडे तरी कुठे आहे?”

“तुझ्याकडे आहे. फक्त चालत नाही.” साहेबांनी कॉफी ढवळली. “जुन्यांचा पुढचा वर्ग ऑक्टोबरात. ये तेव्हा, मी स्वतः शिक्का मारतो.”

“ऑक्टोबरात मी बंदूक पुसत असेन!” दो-युनचा आवाज चढला. “रोज चौदा तास खेळतो मी. तुम्ही जन्मात एकदा तरी खेळलात का हा खेळ?”

“मी? छे रे. डोळे दुखतात.”

तेवढ्यात फोन वाजला. साहेब ऐकत गेले, तसा त्यांचा चेहरा उतरला. फोन ठेवून ते दो-युनकडे वळले, आणि त्यांना एकदम काहीतरी सुचलं.

“शनिवारचे व्याख्याते आजारी पडलेत. तू बोलशील? तुला बघून पोरं वेडी होतील!”

“माझी हजेरी लागेल?”

“बोलणाऱ्याची कशी लागेल? हजेरी ऐकणाऱ्याची असते.” साहेबांनी उत्साहानं कोरा कागद पुढे ओढला. “पत्रक आजच छापायला टाकतो. विषय ठरलेलाच आहे, ‘खरा व्यावसायिक कोण?’ नावाखाली काय लिहू... ‘हौशी खेळाडू’ लिहितो. उगाच कुणी बोट ठेवायला नको.”

दो-युन उठला. खुर्ची नीट आत सरकवली, कमरेत वाकला. वर्गात शिकवतात तसा, अगदी बरोबर.

“पण साहेब, व्यावसायिक होणाऱ्यांना शिकवायला हौशी माणूस चालतो का?”

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी खालचा खण उघडला, नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं, आणि बोट ओलं करून पहिल्या पानापासून गंभीरपणे वाचायला लागले.