मागची सीट

माईंनी ब्रेड कापायची सुरी स्पंजावर टेकवली आणि आप्पा म्हणाले, "थांब."

सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. शिवणाच्या टेबलावर, जिथे एरवी माई शाळेचे गणवेश बेतायच्या, तिथे आज आप्पांच्या मोटरसायकलची सीट उघडी पडली होती. पुढच्या भागाचं रेक्झिन सोलून झालं होतं आणि आतल्या स्पंजावर सुनेने खडूने रेघ मारली होती. रेघेच्या वरचं सगळं जायचं होतं, चांगलं तीन बोटं जाड.

दुसरा इलाज नव्हता. सुनेला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नोकरी लागली होती, उद्या रुजू व्हायचं होतं आणि तिकडे बस जात नव्हती. गाडी ती झकास चालवायची, पण थांबली की पाय जमिनीला पुरायचे नाहीत. परवा तर फाटकातच गाडीसकट आडवी झाली. मुलाचा प्रश्नच नव्हता; त्याला सायकलवरसुद्धा घेरी यायची. तेव्हा किल्ली आप्पांनी आपण होऊन सुनेच्या हातात दिली होती. पण किल्ली देणं वेगळं आणि सीट कापू देणं वेगळं. किल्ली परत मागता येते.

"तुकडा अख्खा निघाला पाहिजे," आप्पा म्हणाले. "गुडघा बरा झाला की परत चिकटवायचाय."

त्यांचा गुडघा आता किक मारायच्या कामाचा राहिला नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, माईंना पटलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळलं होतं. एकटे आप्पाच वाट बघत होते. माईंनी बरं म्हटलं आणि सुरी चालवली. तुकडा अख्खा निघाला. आप्पांनी तो उचलला, झटकला आणि कुणी हिसकावून नेईल अशा धास्तीने मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले.

नवं कव्हर अख्ख्या सीटला चढवायचं होतं, म्हणून मग माईंनी सीट फिरवून मागचं रेक्झिन सोडवायला घेतलं. तिथले रेक्झिन धरून ठेवणारे पत्र्याचे दात गंजून घट्ट बसले होते, ते पकडीने एकेक करून उचकटावे लागले. आत स्पंज नव्हताच. होता तो काथ्या, गाडी घेतली तेव्हाचा, दबून दबून पुठ्ठा झालेला. एका बाजूला तर तोही उरला नव्हता, नुसता पत्रा होता.

आप्पा तुकडा खुर्चीवर ठेवून टेबलापाशी आले. पुढचा स्पंज त्यांनी दोनदा बदलून घेतला होता, स्वतः दुकानात उभं राहून. मागे काय आहे ते बघावं असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मागे माई बसायच्या. जन्मभर बसल्या. आणि जन्मभर आप्पा सगळ्यांना सांगत आले होते की आमच्या हिला फिरायची म्हणून हौस नाही. जरा कुठे वारा लागायला लागला की मागून सुरू: जवळच्या रस्त्याने घ्या, घरी चला.

त्यांनी पत्र्यावर तळहात दाबून बघितला.

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते की," माई पकड न थांबवता म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, ही गाडी आहे, गादी नव्हे."

सुनेला हसू आलं, ते तिने खोकून निभावून नेलं. आप्पांना मात्र लाज वाटली, चांगलीच वाटली. त्यांनी काथ्या उपटून कचऱ्यात टाकला, पत्रा फडक्याने पुसून काढला आणि खुर्चीवर ठेवलेला तो तुकडा आणून मागच्या जागेवर बसवला. लांबीला जरा जास्त होत होता.

"एवढं काप," ते म्हणाले, "आणि चिकटवून टाक."

माईंनी सुरी हातात घेतली, पण चालवली नाही. "आणि गुडघा?"

"गुडघा त्याचं तो बघून घेईल."

नवं कव्हर माईंनी शिवलं ते कपड्यासारखं, अंगाला जरा सैल ठेवून. हाताची सवय. चढवून बघितलं तर धाकट्याने थोरल्याचा शर्ट घातल्यासारखं दिसायला लागलं. आप्पांना बोलायला आयतीच जागा मिळाली. सीटचं कव्हर सीटपेक्षा लहानच बेतायचं असतं, उन्हात टाकून मऊ करायचं असतं आणि मग ओढून बसवायचं असतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि माईंनी उलट उत्तर न देता शिवण उसवली. दुपारी तिघं अंगणात कव्हर ओढत होती, आप्पा पकडीने, माई अंगठ्यांनी, आणि सून सीटवर गुडघा रोवून. शेवटी एक सुरकुती राहिलीच. दृष्ट लागायला नको म्हणून आप्पांनी तिला माफ केलं.

उन्हं उतरल्यावर सुनेने गाडी फाटकाबाहेर काढली. सीटवर बसली आणि तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. खरं वाटेना म्हणून तिने ते उचलून परत टेकवून बघितले. मग तिने आप्पांना मागे बसायला सांगितलं. आप्पांनी माईंकडे बोट दाखवलं.

माई बसल्या, नेहमीसारख्या एका बाजूला पाय सोडून, मागची कडी घट्ट धरून. जरा हलून बघितलं. मग कडी सोडून त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

सुनेने किक मारली. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ, आई. अंधार पडायच्या आत घरी."

आप्पा फाटक धरून उभे होते. इंजिनाच्या आवाजातही त्यांना माईंचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"कोपऱ्यापर्यंत कशाला? लांबच्या रस्त्याने घे."